नऊ अर्ज

“सर, तिसऱ्या रकान्यात एक तरी नाव पाहिजेच का?”

संयुक्ताने ड्रॉइंगचा मोठा कागद ग्रंथालयाच्या लांब टेबलावर पसरला होता. पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर शब्दकोशाचे खंड ठेवले होते. कागदावर तीन रकाने आखलेले. पहिल्याच्या डोक्यावर ‘स्वप्न’, दुसऱ्याच्या ‘शक्य’, तिसऱ्याच्या ‘खात्री’. पहिल्यात चार कॉलेजांची नावं, दुसऱ्यात पाच. तिसरा रकाना कोरा होता.

“पाहिजे,” मी म्हणालो. “अर्ज कसे करायचे त्या पुस्तकात तसंच सांगितलंय.”

“मग सांगली लिहू?”

“सांगली?”

“अण्णा म्हणतात, अमेरिकेतले नऊच्या नऊ नाही म्हणाले, की सांगलीच्या बी.कॉम.ची खात्री आहे. तिथं कोण कुणाला नाही म्हणत नाही.”

ती हसली. मला हसता आलं नाही. नऊच्या नऊ नाही म्हणतील ही शक्यता कोणी बोलून दाखवली की मी रकान्यांतली नावं पुन्हा मोजू लागायचो.

हे सन दोन हजार दहामधलं. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो आणि तासगावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल होतो. संयुक्ता आरवाडे बारावी कॉमर्सला होती. दहावीला तालुक्यात पहिली आलेली. तिचे वडील भूपाल आरवाडे बेदाण्याचे व्यापारी. मुलीला अमेरिकेत जाऊन व्यवसायाचं शिक्षण घ्यायचं होतं, तेही पूर्ण शिष्यवृत्तीवर, कारण एरवी ते घरच्या आवाक्यातलं नव्हतं. तिने निवडलेली कॉलेजं शंभर अर्जांतून सात-आठ घेणारी. तिथला अभ्यास कसा असतो, कोण शिकवतं, पास झालेली मुलं पुढे काय करतात, हे सगळं तिने स्वतः शोधून काढलं होतं. भूपालअण्णांनी तिला एक वर्ष दिलं होतं. नऊ अर्ज, एक वर्ष. नाही जमलं तर मुकाट्याने इथलं कॉलेज.

मी यात आलो तो असा. एकदा प्राचार्य घोरपड्यांनी मला बोलावून घेतलं आणि संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं.

“उमराणी, यांना आपल्या कॉलेजचा समुपदेशक पाहिजे. मुलीचे गुण, शिफारस, सगळं त्यानं पाठवायचं. आपल्याकडे कोण आहे समुपदेशक?”

“कोणी नाही, सर.”

“तुम्ही दुपारी काय करता?”

“ग्रंथालयात असतो.”

“झालं तर मग. तुम्ही.”

त्यांच्यासमोर मी कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. इतरांसमोरही फारसं आठवत नाही. मी पुस्तकांतला माणूस. चार लोकांत बोलायची वेळ आली की मला आधी घाम फुटतो आणि मग वाक्यं सुचतात, तीही घरी परतल्यावर. अशा माणसाच्या हाती कोणी कुणाच्या मुलीचं भवितव्य देऊ नये. पण मी इंग्रजी वाचतो अशी गावात ख्याती होती, तेवढ्यावर भागलं.

संयुक्ताला मात्र माझी शंका कधीच आली नाही. अर्जात एक चौकट होती: समुपदेशक काय पाठवतो ते पाहण्याचा हक्क मी सोडते. तिने तिथे खूण केली.

“बघायचंच नाही तुला?” मी विचारलं.

“हक्क सोडला की त्यांचा तुमच्यावर जास्त विश्वास बसतो म्हणे. आणि सर, तुम्ही पाठवणार, मग मी बघून काय करू?”

तिचा भाग मला दिसत नव्हता, माझा तिला दिसत नव्हता. दोन वेगवेगळ्या दारांनी आम्ही एकाच घरात कागद टाकत होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी सहामाहीचे निकाल लागले आणि संयुक्ताला सदुसष्ट टक्के पडले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या कॉलेजात सहामाही मुद्दाम कडक तपासत. पट्टी न लावता रेघ मारली, गुण गेले. उत्तर बरोबर पण वाक्य लांबलं, गुण गेले. पहिल्या येणाऱ्या मुलाला पासष्ट-अडुसष्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे पोरं भितात, अभ्यासाला लागतात आणि बोर्डात नव्वदच्या पुढे जातात. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सहामाहीला सदुसष्ट म्हटल्यावर आईबाप पेढे आणायचे. आजवर तो आकडा गावाच्या वेशीबाहेर गेलाच नव्हता. आता तो समुद्रापार जाणार होता. दहावीला शहाण्णव टक्के मिळवलेली मुलगी बारावीच्या मध्यात सदुसष्टवर घसरली, एवढंच तिथल्यांना दिसणार होतं.

मी बुककीपिंगच्या कुंभोजकर सरांकडे गेलो. कडक तपासणीचे ते मूळ पुरुष. स्टाफरूममध्ये डबा खात होते.

“सर, एक ओळ लिहून द्याल का? सहामाहीची तपासणी आपल्याकडे जरा जास्त कडक असते, अशी.”

त्यांनी घास खाली ठेवला. “जास्त म्हणजे?”

“म्हणजे… बोर्डापेक्षा.”

“उमराणी, तीस वर्षं तपासतोय मी. माझ्या तपासणीचा खुलासा मी अमेरिकेला करू? उद्या म्हणतील, कुंभोजकर पोरांचे गुण खातो.”

“तसं नाही सर, मुलीचं नुकसान—”

“सहामाहीत रडलं नाही ते बोर्डात रडतं. तिला सांगा, रड म्हणावं थोडी. आणि तुम्ही पुस्तकं द्या-घ्या. समुपदेशक झालात म्हणून शिंगं फुटली का?”

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसलो. असं हसणं मला चांगलं जमतं.

मग मी प्राचार्यांकडे गेलो. ती खुलाशाची ओळ मीच लिहितो, तुम्ही सही करा, असं म्हणणार होतो. पण त्यांनी माझं अर्धंच ऐकलं.

“खुलासे कसले करताय? संस्थेची बदनामी करायची आहे का? म्हणे आम्ही मुलांना मुद्दाम कमी गुण देतो!” त्यांनी खणातून कोरं गुणपत्रक काढलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. “घ्या. तुमचं अक्षर चांगलं आहे. बोर्डात तिला किती पडतील?”

“त्र्याण्णव-चौऱ्याण्णव.”

“मग तेच भरा. जे मिळणारच आहे ते सहा महिने आधी लिहिलं, याला काय खोटं म्हणतात?”

मी तो कागद घेऊन ग्रंथालयात आलो. आतून कडी लावली. भर दुपारी ग्रंथालयाला आतून कडी लावण्याची एकोणतीस वर्षांत ती पहिली वेळ. गुण भरताना माझं डोकं मात्र इतकं नीट चाललं की आज त्याचीच भीती वाटते. बुककीपिंगला शहाण्णव. अर्थशास्त्राला चौऱ्याण्णव. इंग्रजीला अठ्ठ्याऐंशीच, कारण सगळीकडे नव्वद दिले तर संशय येईल. बेरीज त्र्याण्णव टक्क्यांवर आणली. मी हे तिच्या भल्यासाठी करतो आहे असं मनाशी म्हणत होतो, आणि तेव्हा ते मला खरंही वाटत होतं. पण घोरपड्यांना ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे सोपं होतं, हे कारण त्याच्याखाली होतंच.

डिसेंबरच्या सव्वीस तारखेला, सुट्टीतल्या रिकाम्या कॉलेजात, प्राचार्यांच्या संगणकावरून मी ते गुणपत्रक आणि शिफारसपत्र पाठवलं. एक कळ दाबली आणि नऊ ठिकाणी गेलं. नऊ पाकिटं असती तर कदाचित चौथ्या-पाचव्याला माझा हात थांबला असता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आली. पहिल्या रकान्यातल्या दुसऱ्या कॉलेजकडून. संयुक्ताला सगळ्यांत हवं होतं ते हेच. मजकूर माझ्या नावाने, अतिशय सभ्य. त्यांनी लिहिलं होतं: विद्यार्थिनीने स्वतःच्या भागात सहामाहीचे गुण सदुसष्ट टक्के लिहिले आहेत. आपण पाठवलेल्या गुणपत्रकावर त्र्याण्णव आहेत. यातलं कोणतं बरोबर, ते आठ दिवसांत कळवावं.

विद्यार्थ्याच्या भागात गुण विचारतात हे मला माहीतच नव्हतं. नाव, पत्ता, निबंध एवढंच असेल असं मी धरून चाललो होतो. नऊ अर्जांचा समुपदेशक मी, आणि पूर्ण अर्ज एकदाही पाहिला नव्हता. त्यांनी तिची ओळही उतरवून पाठवली होती. तिने गुणांपुढे लिहिलं होतं: आमच्याकडे ही परीक्षा मुद्दाम कडक तपासतात; पण मला मिळालेले गुण हेच आहेत.

जी ओळ मला दोन माणसांकडे हिंडून मिळाली नाही, ती तिने आपली आपण लिहून टाकली होती.

मी छापील कागद घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“एवढंच ना? लिहा, मुलीकडून टाइप करताना चूक झाली.”

“पण सर, तिनं खुलासा लिहिलाय. टाइप करताना चूक होते, खुलासा होत नाही.”

“मग लिहा की मुलगी घाबरट आहे, स्वतःला कमी लेखते. उमराणी, तुम्ही वर्षभरात रिटायर होणार. कागद कुणाच्या अक्षरात आहे ते माहीत आहे ना?”

“तुमची सही आहे, सर.”

हे मी कसं बोललो कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी लगेच म्हणालो, “लिहितो सर.”

तीन दिवस मी काही लिहिलं नाही. जेवण जात नव्हतं. प्राचार्यांच्या खोलीतली घंटा वाजली की हातातलं पुस्तक खाली पडायचं. मुलीची चूक म्हटलं, तर त्र्याण्णव टिकतात, कदाचित तिला जागाही मिळते. फक्त ती खोटी किंवा वेंधळी ठरते, आणि ते तिला कधी कळणारही नाही. खरं लिहिलं, तर काय होईल ते मला कळत नव्हतं. मला फक्त हे समजत होतं की कुणीतरी दुसऱ्याने हे ठरवावं.

चौथ्या दिवशी सकाळी मी बाजार समितीत भूपालअण्णांच्या अडत दुकानावर गेलो. बारावीला अभ्यासाची सुट्टी लागली होती. दुकानाच्या माडीवरच आरवाड्यांचं घर. अण्णा गादीवर बसून बेदाण्याची पेटी फोडत होते.

“या की सर! ग्रंथालय सोडून बाजारात? वाट चुकला का काय?”

“सहज आलो होतो.”

“सहज माणूस बाजारात येतो व्हय? बसा. घ्या, चाखून बघा. हिरवा माल आहे, लांब मणी.” त्यांनी माझ्या ओंजळीत बेदाणे ओतले. “पोरगी वर अभ्यास करतीया. मी तिला म्हटलं, व्यापार शिकायला सातासमुद्रापार कशाला जातीस, खाली उतर की जिन्यानं. तर म्हणते, अण्णा, तुम्हाला येतो तो व्यापार आहे, मला शिकायचं ते शास्त्र आहे. आता हे शास्त्र बेदाण्याला लागू पडतं का नाही, देव जाणे.”

मी बेदाणे चघळत राहिलो. मग विचारलं, “अण्णा, सौद्याला नमुना दाखवता, तो पेटीतल्या मालासारखाच असतो का?”

“पुस्तक लिहिताय काय बेदाण्यावर?”

“नाही, आपलं सहज.”

“पुन्हा सहज!” ते हसले. “आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. वरचे मणी सगळेच चांगले ठेवतात. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून तर तो कोपरापर्यंत हात खुपसतो पेटीत.”

“आणि खालचा माल वेगळाच निघाला तर?”

“मग भांडण.”

“आणि माल जातो का परत?”

“कधी जातो, कधी राहतो. पण भांडण माझ्याशी होतं, सर. द्राक्षाशी नाही. द्राक्षानं काय केलंय? ते बिचारं उन्हात वाळत पडलं होतं.”

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. संयुक्ता दोन कप चहा घेऊन खाली आली. अभ्यासाने डोळे ओढलेले, बोटांना शाई.

“सर! काही आलं का?”

तिला फक्त एकच गोष्ट विचारायची होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. ईमेलचा छापील कागद माझ्या खिशात होता.

“नाही,” मी म्हणालो. “अजून वेळ आहे. तू परीक्षेचं बघ.”

“काही आलं तर तुम्ही लगेच सांगाल ना?”

“लगेच.”

“सर चहा घ्या की,” अण्णा म्हणाले. “कप तसाच का ठेवलात? साखर वाढलीय का?”

दुकानातून मी सरळ स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत गेलो. कॉलेजच्या संगणकावर मला ते लिहायचं नव्हतं. दोन तास बसलो. तीनदा लिहून तीनदा पुसलं. शेवटी सहा वाक्यं राहिली. विद्यार्थिनीने लिहिलेले गुण खरे आहेत. मी पाठवलेलं गुणपत्रक खोटं आहे. ते मी माझ्या हाताने भरलं आहे. तिला याची कल्पना नाही. आमच्याकडे सहामाही कडक तपासतात हे तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. दोष तिच्याकडे जाऊ नये अशी विनंती आहे.

घोरपड्यांचं नाव मी लिहिलं नाही. ते धैर्य होतं की भीती, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

पाठवून बाहेर आलो तेव्हा मला कित्येक दिवसांनी भूक लागली. समोरच्या गाड्यावर मी दोन प्लेट भजी खाल्ली. वाटलं, आपण आयुष्यात एक तरी धाडसाचं काम केलं. असं वाटण्याचा तो एकच दिवस.

पाठवल्यापासून पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते. लिहिलं होतं की संस्थेकडून आलेलं अधिकृत गुणपत्रक खोटं निघाल्याने नियमानुसार यंदा हा अर्ज विचारात घेता येणार नाही. पुढचा मजकूर मला शब्दशः पाठ आहे, पण मी त्याचा अर्थच सांगतो. विद्यार्थिनीने स्वतःच्या तोट्याची गोष्ट खरी सांगितली, ही आम्ही नोंद घेण्यासारखी बाब मानतो. बोर्डाच्या गुणपत्रकासह तिने पुढच्या वर्षी अर्ज केला, तर तो आम्ही नव्याने आणि आनंदाने वाचू. कृपया हे तिला कळवावं.

कृपया हे तिला कळवावं.

मी तो कागद छापून घेतला, घडी घातली आणि कोणी कधी मागत नाही अशा एका जुन्या गॅझेटियरच्या पानांत ठेवला. तिची परीक्षा दहा दिवसांवर होती. अशा वेळी सांगणं बरं नव्हे, असं मी ठरवलं. ते तेव्हा चुकीचं होतं असं आजही म्हणवत नाही.

मार्चअखेरीस उत्तरं येऊ लागली. एकेक करून नऊ. संयुक्ता दर वेळी ग्रंथालयात येऊन सांगायची, आधी हसत, मग न हसता. “हेही नाही, सर.” बाकीच्या आठांनी खुलासा मागितला नव्हता. त्यांना दोन आकडे दिसले का, का तिला तशीच जागा मिळणार नव्हती, ते मला कळायला मार्ग नव्हता. नववं उत्तर त्याच कॉलेजचं. तिला आलेल्या पत्रात कारण नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी तिला सांगेन असं ते समजत होते.

परीक्षा संपली होती. मी मनाशी म्हटलं, निकाल लागू दे, मग सांगू. आता तिला निकालाची धाकधूक.

निकाल लागला. संयुक्ताला चौऱ्याण्णव टक्के. बुककीपिंगला अठ्ठ्याण्णव. कुंभोजकर सर स्टाफरूममध्ये उभे राहून म्हणाले, “रडवली म्हणून हसली!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दिलेल्या खोट्या गुणांपेक्षा बोर्डाने एक टक्का जास्तच दिला होता.

त्याच दिवशी दुपारी ती पेढे घेऊन ग्रंथालयात आली. आत दुसरं कोणी नव्हतं. तिने आधी मला वाकून नमस्कार केला, मग टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. पेढ्यांचा पुडा आमच्यामध्ये होता.

“सर, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“माझ्यात काय कमी पडलं असेल?”

मी चष्मा पुसू लागलो.

“म्हणजे बघा,” ती म्हणाली, “एकानं नाही म्हटलं असतं तर नशीब म्हटलं असतं. नऊ जण नाही म्हणतात म्हणजे काहीतरी असणार. मी निबंध परत वाचला. फार साधा आहे. बेदाण्याच्या सौद्याबद्दल लिहिलं होतं, त्यांना काय कळणार? का इंग्रजी कच्चं वाटलं? ते कळलं तर मी सुधारेन. मला वाईट नाही वाटणार, सर.”

“जागाच कमी असतात,” मी म्हणालो. “तुझ्यात काही कमी नाही.”

“असं सगळेच म्हणतात.” ती थोडं हसली. मग खुर्चीत पुढे सरकली. “सर, काल मी अण्णांशी बोलले. ते म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही. उमराणी सर म्हणत असतील तर आणखी एक वर्ष देतो तुला. ते नको म्हणाले तर पुण्याला बी.कॉम. मी विचारलं, नक्की? तर म्हणाले, सरांचा शब्द तो माझा शब्द.”

बाहेर मैदानात कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“मग परत करू का अर्ज?” तिने विचारलं. “आता बोर्डाचे गुण आहेत. ते एक कॉलेज तरी… तुम्हाला काय वाटतं?”

तिला सांगायचं ते दोन वाक्यांचं होतं. कागद दहा पावलांवर होता. तो तिच्या हातात दिला असता, तर तिने आधी खालची ओळ वाचली असती आणि तिचा चेहरा उजळला असता. मग तिने वरची ओळ वाचली असती. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं. मला ते पाहणं दिसत होतं. नंतर अण्णांना कळणार. ओंजळीत बेदाणे घेऊन मी त्यांना काय विचारत होतो, ते त्यांना आठवणार. मग घोरपडे, कुंभोजकर, सगळं गाव. आणि न सांगता अर्ज करू दिला, तर त्या कॉलेजचं पहिलंच पत्र तिला जाणार: तुमच्या समुपदेशकांनी कळवलं असेलच.

परक्या देशातल्या, कधी तोंड न पाहिलेल्या माणसांपुढे मी सहा वाक्यांत सगळं कबूल करून मोकळा झालो होतो. हिच्यापुढे मला एक शब्द उचलेना.

“नको,” मी म्हणालो.

“नको?”

“वर्ष वाया जाईल. तिथल्यांचं मत एकदा झालं की सहसा बदलत नाही. तू पुण्याला जा. तिथंही उत्तम कॉलेजं आहेत.”

इतकी सलग आणि इतकी समजूतदार वाक्यं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

ती बोटाने टेबलावर एक रेघ ओढत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही म्हणताय म्हणजे सगळा विचार करूनच म्हणत असणार.”

“हो.”

“नक्की ना, सर?”

“नक्की.”

“बरं.”

तिने पिशवीतून पुण्याच्या कॉलेजचा अर्ज काढला. तो तिने आधीच आणून ठेवला होता, मी नको म्हटलं तर लागेल म्हणून. माझ्यासमोर बसूनच तिने तो भरला, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग कागद फिरवून माझ्याकडे सरकवला.

“एकदा नजर घालाल, सर? काही चुकलं असेल तर.”

मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.